भर उन्हात, भर वेगात

वाचकांचे प्रश्न : मोटरस्पोर्ट फोटोग्राफी

या वेळची बरीचशी पत्रं ट्रॅकवरच्या आणि रॅलीतल्या फोटोंबद्दल आहेत. तक्रारी वेगवेगळ्या, पण दुखणं बहुतेक ठिकाणी एकच: सगळी सेटिंग उजेड बघून ठरवली जाते आणि गाडीचा वेग सर्वांत शेवटी आठवतो. आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. आधी उभं राहायची जागा ठरवा, मग शटर (सेन्सरवर प्रकाश सेकंदाच्या किती भागापुरता पडू द्यायचा ते), आणि उजेडाला त्या शटरशी जुळवून घ्यायला लावा.

प्रश्न : दुपारी बाराच्या उन्हात १/२००० वर फोटो काढले. सगळे शार्प आहेत, पण गाडी रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी दिसते. शटर कमी केलं की फोटो पांढराफटक होतो.

गाडी उभी दिसते, कारण चाक उभं दिसतं. हिशेब करून बघा. साधारण ६५ सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा घेर दोन मीटरच्या किंचित वर भरतो. ताशी १८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ २५ फेरे घेतं. १/२००० सेकंदात ते साडेचार अंशच फिरतं आणि डोळ्याला थांबलेलं वाटतं. १/५०० ला १८ अंश, १/२५० ला ३६, १/१२५ ला ७२. पाच आऱ्यांच्या रिममध्ये दोन आऱ्यांमधलं अंतर ७२ अंशांचंच असतं, त्यामुळे १/१२५ ला आरे एकमेकांत मिसळून सलग तबकडी होते. या वेगाला १/२५० ते १/१२५ च्या दरम्यान चाक खऱ्या अर्थाने ‘फिरतं’.

हेच आकडे डोळे मिटून सगळीकडे लावू नका. हेअरपिनवर (गाडी जवळजवळ उलटी फिरते अशा तीव्र वळणावर) ती ताशी ६० वर आली की चाकाचे फेरे सेकंदाला आठच उरतात. तिथे १/१२५ ला चाक २३-२४ अंश फिरेल. सरळ रस्त्यावरच्या १/२५० पेक्षाही कमी. म्हणून हेअरपिनवर १/६० पर्यंत खाली उतरावं लागतं. शटर वळणागणिक बदलायचं असतं, दिवसागणिक नाही.

आता पांढऱ्याफटक फोटोंचं. निरभ्र उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ १६ ला १/१०० च्या आसपास बरोबर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, मिळतं, हा जुना आणि आजही चालणारा नियम. त्यावरून १/६० ला एफ २० ते २२ लागेल, आणि १/३० ला तर अनेक लेन्सचं ॲपर्चर संपूनच जातं. अर्धं नुकसान त्याआधीच झालेलं असतं. एफ १६ च्या पुढे प्रकाश पात्यांच्या कडांवरून पसरतो, बारीक तपशील मऊ होतात आणि गाडीवरची अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात. शिवाय सेन्सरवरची धूळ उघडी पडते. पॅनिंगमध्ये (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना) तर ती फारच डोळ्यांत भरते: मागचं सगळं आडव्या रेघांत ओढलेलं आणि त्यात चार-पाच काळपट गोल ठिपके जागच्या जागी.

यावर खरा इलाज म्हणजे एनडी फिल्टर, लेन्ससमोर लावायची उजेड कमी करणारी करडी काच. एनडी ८ तीन स्टॉप उजेड कमी करतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे भर उन्हात १/३० ला एफ १० आणि १/६० ला एफ ७ च्या आसपास मिळतो. लेन्स तिथे आपलं सर्वोत्तम काम करते. एनडी ४ दोन स्टॉपचा. १/१२५ च्या खाली क्वचितच जात असाल तर तो पुरे. पोलरायझरही दीड-दोन स्टॉप खातो आणि विंडस्क्रीनवरची आकाशाची चकाकी कापतो, त्यामुळे आतला ड्रायव्हर दिसतो. गाडी वळली की त्याचा परिणाम बदलतो, म्हणून फिल्टर ज्या जागेवर शटर दाबणार त्या जागेसाठी फिरवून ठेवा. फिरवून कमी-जास्त करायचा एनडी मात्र लांब लेन्सवर टाळा. त्यात दोन पोलरायझर काचा एकावर एक असतात आणि ३००-४०० मिमीला शार्पनेस घटलेला लगेच कळतो.

काही कॅमेऱ्यांत आयएसओ ५० असतो, पण तो मूळ १०० वरूनच ओढलेला असेल तर पांढऱ्या रंगातला एक स्टॉपचा तपशील जातो. फिल्टर जवळ नसेल तेव्हाच वापरा. आणि ऊन उतरलं की एनडी काढायला विसरू नका. तीन स्टॉप अंधारात ऑटोफोकस चाचपडायला लागतो.

प्रश्न : पॅनिंग करताना कधी गाडी शार्प येते, कधी नाही. चूक हाताची, फोकसची की लेन्सची, हे कसं ओळखायचं?

फोटोच सांगतो, फक्त मोठा करून बघायला हवा. १०० टक्क्यांवर उघडा आणि गाडीवरचा एखादा चमकता बिंदू शोधा: बॉनेटच्या पिनेवरची चकाकी, हेडलाइटच्या काचेत पडलेलं सूर्याचं टिंब, आरशाच्या कडेचा ठिपका.

बिंदूची छोटी आडवी रेघ झाली असेल, तर तुमचा फिरण्याचा वेग आणि गाडीचा वेग जुळलेला नाही. रेघ उभी किंवा तिरकी असेल, तर हात वरखाली झाला, आणि हे जवळजवळ नेहमी शटर दाबण्याच्या क्षणी होतं, कारण बोट दाबण्याऐवजी ठोसा मारतं. बिंदू गोल पण फुगलेला असेल, तर फोकस चुकलाय. अशा वेळी गाडीच्या पुढची किंवा मागची एखादी गोष्ट गाडीपेक्षा टोकदार दिसते का ते पाहा. आणि पुढचा बंपर टोकदार पण मागचा पंख पुसट असेल, तर हाताचा दोष नाही, भूमितीचा आहे.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. गाडी तुमच्या अगदी समोरून काटकोनात जाते तेव्हा तिचं अंतर जवळजवळ स्थिर असतं, आणि नाक व शेपूट दोन्ही तुमच्या नजरेत सारख्याच गतीने सरकतात. त्याआधी किंवा नंतर गाडी तिरकी असताना जवळचं टोक भराभर सरकतं, लांबचं सावकाश. तुम्ही एकाच गतीने फिरता, म्हणून एकच टोक पकडीत येतं. १/२५० ला हा फरक दिसतही नाही, १/६० ला ठसठशीत दिसतो. जवळून रुंद लेन्सने काढलात तर आणखी वाढतो. म्हणून १/६० आणि त्याखाली तीन गोष्टी पाळा: समोरचाच क्षण निवडा, लांब जा, लेन्स लांब लावा. वळणाच्या आतल्या बाजूला परवानगी असलेली जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. गाडी तुमच्याभोवती कमानीत फिरते, अंतर बदलत नाही, फोकसलाही धावावं लागत नाही.

उभं राहण्याची पद्धत: पावलं जिथे फोटो काढायचा त्या दिशेला रोवा आणि कंबरेतून वळून येणाऱ्या गाडीकडे बघा. गाडी येईल तसं शरीर उलगडत जातं आणि नेमक्या क्षणी ते सर्वांत सैल, सर्वांत स्थिर असतं. उलट केलं, म्हणजे पावलं गाडी येते त्या बाजूला ठेवली, तर शटर दाबताना कंबर पिळलेली असते आणि हात अडखळतो. कोपरे बरगड्यांना टेकलेले, डावा तळवा लेन्सच्या खाली. शटरच्या आधी निदान दोन-तीन सेकंद गाडीचा माग घ्या, तीन ते पाच फोटोंची छोटी लड काढा आणि लड संपल्यावरही फिरत राहा. लगेच थांबणाऱ्यांचा शेवटचा फोटो हमखास हललेला असतो.

फोकसचा बिंदू गाडीच्या एकाच जागी चिकटवून ठेवा; दाराच्या नंबरवर किंवा हेल्मेटवर. असा ठरलेला बिंदू असला की तुमचा वेग चुकतोय हे व्ह्यूफाइंडरमध्येच कळतं. लेन्सवर पॅनिंगचा वेगळा स्टॅबिलायझर (हाताची थरथर आवरणारी सोय) मोड असेल (अनेक लेन्सवर तो २ असतो) तर लावा. तो आडवी हालचाल मोकळी सोडून उभी हालचाल आवरतो. गाडी उतारावरून तिरकी खाली येत असेल तर मात्र हाच मोड तुमच्याशी भांडतो, तिथे तो बंद बरा.

१/५०० पासून सुरुवात करा. दहातले सात-आठ फोटो चांगले यायला लागले की १/२५०, मग १/१२५. १/३० ला शंभरात दोन-चार चांगले आले तरी हात तयार झाला समजा.

प्रश्न : पांढरी गाडी आली की फोटो काळवंडतो, काळी आली की उजळतो. प्रत्येक गाडीला एक्स्पोजर बदलायचं का?

नाही. गाडीचा रंग बदलला तरी तिच्यावर पडणारं ऊन तेच आहे. कॅमेऱ्याचा मीटर मात्र परत येणारा उजेड मोजतो आणि सगळ्याला मधला करडा करायला बघतो. पांढऱ्याला दाबतो, काळ्याला चढवतो. मागे झाडी संपून आकाश सुरू झालं की तोच गोंधळ पुन्हा.

मॅन्युअलवर या. गाडीवर जे ऊन पडतं तेच ऊन पडलेलं गवत किंवा जुना, उडालेल्या रंगाचा डांबरी रस्ता स्पॉट मीटरने (फ्रेममधल्या छोट्या भागाचाच उजेड मोजणाऱ्या मोडने) मोजा. नवं काळं डांबर नको, ते करड्यापेक्षा गडद असतं. मग सर्वांत पांढऱ्या गाडीचा एक फोटो काढून स्क्रीनवरची लुकलुकणारी सूचना बघा; जळून पांढरा झालेला भाग लुकलुकतो. क्रोमवरचे, काचेवरचे ठिपके लुकलुकले तर सोडून द्या. तिथे तपशील नसतोच. बॉनेटचा मोठा पट्टा लुकलुकला तर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली या. आता काळी गाडी काळीच येईल, आणि ती तशीच यायला हवी.

प्रश्न : ढगांचा लपंडाव चालू असतो. मॅन्युअलवर राहिलं की दर दोन मिनिटांनी चुकतं.

अशा दिवशी शटर आणि ॲपर्चर मॅन्युअल, आयएसओ ऑटो. कडक ऊन आणि दाट ढग यांत तीन स्टॉपचा फरक सहज पडतो, म्हणजे आयएसओ १०० वरून ८०० वर जाईल. आजच्या कॅमेऱ्यांना हे काहीच नाही. वरची मर्यादा ३२०० ठेवा.

यातही एक खड्डा आहे. शटर १/६० आणि ॲपर्चर एफ ८ ठेवलंत आणि ऊन पडलं, तर आयएसओ १०० च्या खाली जायला जागाच नसते आणि फोटो जळतात. म्हणून आधी ऊन असताना मोजून ॲपर्चर किंवा एनडी असा लावा की आयएसओ २०० च्या आसपास राहील. ढग आला की वर चढायला त्याला मैदान मोकळं. मागे आकाश येणाऱ्या जागी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेल्या उजळपणात आपण केलेला कमी-जास्त बदल) अधिक एकपर्यंत लागेल. हेडलाइट लावून येणाऱ्या गाड्यांनाही थोडं अधिकच द्या, त्या दिव्यांनी मीटर फसतो.

प्रश्न : ६०० मिमी लेन्सने समोरून येणाऱ्या गाड्या कधीच शार्प येत नाहीत. लेन्स दुरुस्तीला द्यायची का?

आधी एक चाचणी करा. दुपारी ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून २०० मीटरवरचा अक्षरांचा फलक १/२००० वर दहा वेळा टिपा, स्टॅबिलायझर बंद करून. तोच फलक सकाळी लवकर पुन्हा. सकाळचे फोटो स्वच्छ आणि दुपारचे दहाही एकमेकांपेक्षा वेगळे आले, म्हणजे एखाद्यात अक्षरं बरी, एखाद्यात पाण्यात बघितल्यासारखी, तर लेन्स निर्दोष आहे. या उन्हाच्या झळा आहेत.

तापलेल्या डांबरावर गरम आणि कमी गरम हवेचे थर सतत हलत असतात. प्रत्येक थरातून प्रकाश थोडा वेगळा वाकतो आणि लांब लेन्स ते वाकणंही मोठं करून दाखवते. शटर वाढवून हे जात नाही; मऊपणाच्या जागी फक्त नागमोडी कडा येतात. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा आवाका वाढवणारी जोडकाच) तर आगीत तेल. ऑटोफोकस पुढेमागे करत राहतो तोही याचमुळे, त्याला धरायला कडच मिळत नाही.

काय चालतं? अंतर कमी करा. ६०० मिमीने २५० मीटरवरून काढण्यापेक्षा ३०० मिमीने १०० मीटरवरून काढा. तुमच्या आणि गाडीच्या मधली जमीन डांबराची नको, गवताची बघा. उंचावर, स्टँडच्या वरच्या पायरीवर जा, म्हणजे नजर तापलेल्या थराला चाटून न जाता वरून येईल. वाऱ्याची झुळूक आली किंवा ढग आला की हवा थोडी निवळते. त्या वेळी लांबचे फोटो उरकून घ्या. दुपार पॅनिंगला द्या, समोरून येणाऱ्या गाड्या सकाळी आणि संध्याकाळी.

एक बारीक गोष्ट. थंड गाडीतून काढलेली लेन्स लगेच उन्हात रोखली तर तिच्या हुडमध्येच गरम-थंड हवा मिसळत राहते. वीस मिनिटं सावलीत बाहेर ठेवा.

प्रश्न : ट्रॅकचा एक भाग झाडांखालून जातो. तिथे गाडी पट्टेरी वाघासारखी दिसते.

कवडशांमध्ये सगळी गाडी सारखी उजळणार नाही, तो हट्ट सोडा. उन्हाचा मोठ्यात मोठा तुकडा शोधा, एक्स्पोजर त्या तुकड्याचं लावा, आणि नाक व हेल्मेट त्यात शिरतं त्या क्षणी दाबा. बाकीची गाडी सावलीत बुडाली तरी फोटो उभा राहतो. उलट सावलीचं एक्स्पोजर लावलंत तर कवडसे जळून पांढरे डाग होतात आणि ते नंतर कशानेही परत येत नाहीत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा तो तुकडा अर्ध्या तासाने तिथे नसेल. पुन्हा बघून घ्या.

प्रश्न : प्रेक्षकांच्या बाजूने काढताना मध्ये जाळी येते. फोटो धुरकट होतात.

जाळी घालवायची तर ती शक्य तितकी लेन्सजवळ, आणि गाडी शक्य तितकी लांब हवी. लेन्सचं तोंड जाळीला जवळजवळ टेकवा (नियमानुसार तेवढं जवळ जाता येत असेल तर), लेन्स निदान २०० मिमी, ॲपर्चर एफ २.८ ते ४. लेन्स जाळीशी काटकोनात धरा. तिरकी धरली की भोकं अरुंद होतात आणि तारा दाट. धुरकटपणा मात्र बहुतेक वेळा उन्हात चकाकणाऱ्या तारांचा असतो. तिथे सावलीत असलेला जाळीचा भाग शोधा, किंवा टोपीची, हाताची सावली लेन्ससमोरच्या तारांवर पाडा. फरक लगेच दिसतो.

ऑटोफोकस जाळीवर अडकत असेल तर लेन्सवरचं जवळच्या अंतराचं फोकस बंद करणारं बटण वापरा आणि ट्रॅकिंग ‘अडथळा आला तरी धरून ठेव’ या बाजूला सरकवा. पॅनिंगमध्ये १/१२५ ला जाळी आपोआप विरघळते, फक्त कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो. तो नंतर वाढवता येतो.

प्रश्न : संध्याकाळचं तिरपं ऊन सुंदर असतं असं सगळे म्हणतात. माझ्या फोटोत हेल्मेट काळं आणि आकाश पांढरं येतं.

तुम्ही सूर्याच्या तोंडावर उभे राहताय. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारं ॲप आणि ट्रॅकचा नकाशा शेजारी ठेवून, शेवटच्या दीड तासात सूर्य तुमच्या खांद्यामागून तिरका येईल असं वळण आधीच निवडा. तिरपं ऊन व्हायझरच्या आत शिरतं आणि डोळेही दिसतात, दुपारी डोक्यावरच्या उन्हात हे कधीच होत नाही.

सूर्याच्या समोरूनच काढायचं असेल, आणि अवश्य काढावं, तर मधलं काही नको. एक, गाडीच्या सावलीतल्या बाजूला मोजून एक ते दीड स्टॉप अधिक द्या आणि आकाश फ्रेमबाहेर ठेवा. मागे गडद झाडी असली तर गाडीच्या कडेने सोन्याची रेघ उठते. दोन, दोन स्टॉप उणे करून निव्वळ सावलीचित्र घ्या. तिथे गाडीची बाह्यरेषा ओळखू येईल असा कोन हवा, नाहीतर नुसता काळा गोळा. समोरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा आणि लेन्सची काच पुसा; बोटाचा एक ठसा पूर्ण फोटोवर पांढरट पडदा ओढतो.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको. लाल गाडीनंतर हिरवी झाडी आली की तो मत बदलतो. ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करा आणि रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी फाइल) काढा.

प्रश्न : नव्या मिररलेसवर आवाज न करणारं शटर वापरलं. मागचे खांब तिरके आले आणि पॅन न करता काढलेल्या गाडीची चाकं अंड्यासारखी.

इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम वाचत नाही, ओळीओळीने वरून खाली वाचतं. साध्या सेन्सरला त्यासाठी १/१५ ते १/६० सेकंद लागतो. शटर १/४००० असलं तरी पहिली आणि शेवटची ओळ यांच्या मध्ये तेवढा वेळ गेलेला असतो, आणि तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली असते. नव्या, जलद वाचणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरांत हे १/२०० किंवा त्याहून जलद होतं, त्यांत फरक जाणवत नाही. तुमच्याकडे तसा सेन्सर नसेल तर मेकॅनिकल शटर लावा. एलईडी फलकांवरचे काळे पट्टेही त्याने बरेच कमी होतात.

हे दुखणं मात्र नवं नाही. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आँरी लार्तिग यांचा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला ग्राँ प्रीचा फोटो प्रसिद्ध आहे: चाक पुढे कललेलं आणि अंडाकृती, कडेचे प्रेक्षक मागे कललेले. त्या कॅमेऱ्यात पडद्याची फट प्लेटवरून सरकत जात होती, आणि ते गाडीबरोबर फिरत होते, पण गाडीहून सावकाश. तिथे तोच दोष वेगाची खूण झाला.

प्रश्न : पावसात शर्यत चालू राहते. कॅमेरा सांभाळू की फोटो काढू?

दोन्ही. कॅमेऱ्याला रेन कव्हर, ते नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या हुडला रबर बँडने घट्ट. हुड नेहमी लावलेला, आणि गाडी नसताना लेन्स जमिनीकडे. दोन सुती रुमाल आणि एक मायक्रोफायबर कोरड्या खिशात. ओलं झालेलं मायक्रोफायबर पाणी पुसत नाही, पसरवतं. काचेवर एखादा थेंब असेल तर तो मोठ्या ॲपर्चरला जवळजवळ दिसत नाही, एफ ११ ला धूसर डाग होऊन येतो. पावसात एफ ४ च्या आसपास राहण्याचं हे आणखी एक कारण.

पावसातला खरा विषय म्हणजे टायरमागून उठणारे तुषार. मागून उजेड असेल तर ते पेटल्यासारखे चमकतात; १/१००० ला थेंब सुटे दिसतात, १/६० च्या पॅनिंगला त्यांच्या लांब दोऱ्या होतात. मधलं १/२५० इथे धड ना हे देतं, ना ते. घोळक्यात पुढची गाडी स्वच्छ असते आणि मागच्यांचे फक्त दिवे दिसतात, म्हणून फोकसचा लहान बिंदू पुढच्या गाडीच्या नाकावर ठेवा. मोठा झोन तुषारांवर जाऊन बसतो. खाली वाका, ओल्या रस्त्यातलं हेडलाइटचं प्रतिबिंब फ्रेममध्ये येऊ द्या, आणि पोलरायझर काढा, तो नेमकं तेच पुसून टाकतो.

एसीच्या खोलीतून दमट हवेत आलात तर बॅग अर्धा तास बंदच ठेवा.

प्रश्न : मातीच्या रॅलीत गाडीपेक्षा धुरळाच जास्त येतो.

वारा कुठून वाहतो ते मूठभर माती उडवून बघा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. धुरळा तुमच्यापासून दूर जाईल. गाड्यांमधलं अंतर कमी आणि वारा पडलेला असेल तर मागच्या गाडीला आधीच्या गाडीचा फुफाटा मिळतो. अशा टप्प्यावर पहिल्या काही गाड्यांचाच फोटो नीट मिळेल. सूर्य गाडीच्या मागे असेल तर तोच धुरळा सोनेरी पडदा होतो. गाडी त्यातून बाहेर पडते तो क्षण घ्या, आणि फोकस आधीच रस्त्यावरच्या एखाद्या दगडावर धरून ठेवा, कारण ऑटोफोकस धुरळ्यालाच गाडी समजतो. १/८०० ते १/१००० ला उडणारे खडे सुटे दिसतात.

उभं राहायचं ते रस्त्यापेक्षा उंच, वळणाच्या आतल्या बाजूला, मागे हटायला वाट असलेल्या जागी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही; घसरलेली गाडी तिकडेच जाते, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ती लांब वाटत असतानाच पोचलेली असते. मार्शलने हात केला की कॅमेरा खाली.

लेन्स मैदानात बदलू नका. काचेवरची माती आधी ब्लोअरने उडवा, मगच पुसा. थेट पुसली तर काचेवर ओरखडे पडतात.

प्रश्न : अंधार पडल्यावर चालणाऱ्या शर्यतींसाठी काय करावं?

एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००, पॅनिंग १/६० ते १/१२५. फोकस हेडलाइटवर नको, बाजूच्या नंबरवर. फ्रान्समधल्या ल माँसारख्या २४ तासांच्या शर्यतीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी जिथे जोरात ब्रेक लागतो तिथे रिमच्या आत ब्रेकच्या डिस्क लाल-केशरी तापलेल्या दिसतात. त्यांच्यासाठी मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप खाली उतरा, नाहीतर तो रंग पिवळट पांढरा होऊन जातो. दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, आठ ते पंधरा सेकंद. गाडी फ्रेममध्ये शिरायच्या आधी शटर उघडा आणि ती बाहेर गेल्यावर मिटा. रेघ मध्येच तुटली तर ती तुटकी दिसते. स्टॅबिलायझर बंद, आणि शटरसाठी रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर.